जळालेला पक्ष आणि न जळालेला पक्ष

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील काही गावांत माशी महिन्यात, म्हणजे महाराष्ट्रात होळी पेटते त्याच सुमारास, कामन पंडिगै नावाचा उत्सव होतो. शिवाने तिसऱ्या नेत्राच्या अग्नीने मदनाला भस्म केले, ही त्यामागील कथा. मदनाचे प्रतीक उभारायचे आणि अखेरीस ते जाळायचे, एवढाच विधी. परंतु उत्सवाचे खरे आकर्षण रात्री रंगणाऱ्या वादात असते. दोन गट समोरासमोर येतात. एक ‘एरिंद कट्चि’, म्हणजे जळालेला पक्ष. दुसरा ‘एरियाद कट्चि’, म्हणजे न जळालेला पक्ष. मदन जळून गेला असे पहिला प्रतिपादन करतो. देह गेला तरी तो जळाला असे म्हणता येत नाही, असे दुसरा. पुराणांतील दाखले दिले जातात, कूटप्रश्न घातले जातात, प्रतिपक्षाची टर उडवली जाते, आणि हे सारे गाण्यात. या गाण्याला तेथील तमिळ माणूस ‘लावणी’ म्हणतो.

तंजावरच्या लावणीची ही हकिकत मराठी अभ्यासकाच्या कानी पडली की त्याला हर्ष होतो. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष, शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ हा त्यांचा झगडा, डफ-तुणतुण्यावर रात्रभर चालणारे सवाल-जवाब, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या निपुत्रिक मृत्यूनंतर कंपनी सरकारच्या कारभारात ते राज्य संपले. या पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांच्या काळात मराठ्यांबरोबर लावणीही तेथे गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेव्हा ‘आपली लावणी कावेरीकाठी पोहोचली’ असे एक अभिमानाचे वाक्य तयारच असते. या वाक्यात थोडी गफलत आहे. कावेरीकाठी पोहोचला तो लावणीचा साचा. त्या साच्यातून जे गाइले जाते ते अथपासून इतिपर्यंत तमिळ असते. मग उत्सवातला प्रश्नच वेगळ्या रूपाने विचारावा लागतो: मराठी तेथे जळाली, की जळाली नाही?

हा प्रश्न केवळ भाषेच्या इतिहासाचा असता तर तो इतिहासकारांकडे सोपवून मोकळे होता आले असते. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचा साचा उचलून त्यात आपली भाषा ओतणे हे आपल्या भाषेशी इमान राखणे आहे की तिच्याशी केलेली प्रतारणा? आणि ज्याचा साचा उचलला गेला त्याचे त्या गाण्यावर काही देणे उरते काय?

या प्रश्नाचे सर्वांत कर्कश, आणि म्हणून सर्वांत स्पष्ट, उदाहरण तंजावरपासून फार दूर, ब्रिटनच्या पश्चिम टोकाला सापडते. वेल्स हा इंग्लंडला लागून असलेला देश. त्याची वेल्श भाषा इंग्रजीहून सर्वस्वी निराळ्या, केल्टिक कुळातली. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुइस या नाटककाराने रेडिओवरून ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर भाषण केले आणि ही भाषा क्रांतिकारक मार्गांखेरीज वाचणार नाही असे बजावले. त्यातून त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी झगडणारी संघटना उभी राहिली. गाणे या चळवळीत पहिल्यापासून होते. डेविड इवान हा निषेधगीते गाणारा गायक चळवळीच्या अग्रभागी होता. १९६९ मध्ये त्याने आणि ह्यू जोन्स याने ‘साइन’ ही ध्वनिमुद्रिकांची संस्था काढली. साइन या शब्दाचा वेल्शमधला अर्थ ‘ध्वनी’.

निषेधगीताबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ते भाषेच्या बाजूने भाषेतच मांडलेले गाऱ्हाणे होते. पेच उभा राहिला तो पुढच्या पिढीत. १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या चमूची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि विजेच्या गिटारचा कर्णभेदी, जड, अंधारलेला असा एक नवा संगीतप्रकार जगभर पसरला. त्याला हेवी मेटल म्हणतात. बर्मिंगहॅम हे पोलादी कारखान्यांचे इंग्लिश शहर. या संगीताची भाषा इंग्रजी, त्याचा बाजार इंग्रजी, त्याची वेशभूषा आणि आवेशही इंग्रजी-अमेरिकी. कार्डिफचा ‘बजी’ हा चमू स्वतः वेल्समधला. पण तो गायला इंग्रजीतच, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. १९७६ मध्ये मात्र दक्षिण वेल्समधील रिसॉल्वेन या खाणकामगारांच्या गावातल्या मुलांनी ‘क्रीस’ नावाचा चमू काढला आणि हाच कल्लोळ वेल्शमध्ये करावयास आरंभ केला. १९८१ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका साइनने काढली. तिचे नाव ‘योद्धा’ या अर्थाचे. नावात भाषेच्या लढ्याचा उल्लेख नाही. असे नाव हेवी मेटलच्या कोणत्याही चमूने कोणत्याही भाषेत ठेवले असते.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला परंपरेच्या बाजूचा. वेल्श काव्याला स्वरव्यंजनांच्या बांधणीचे सातशे वर्षांहून जुने काटेकोर शास्त्र आहे. चॅपेलमधील स्तोत्रगायन आणि राष्ट्रीय आयस्तेदवद् या साहित्यसंमेलनाचा मंडप ही त्या भाषेची प्रतिष्ठेची ठिकाणे. १९५० पासून त्या संमेलनात सारे व्यवहार वेल्शमध्येच करण्याचा नियम आहे. एवढ्या घरंदाज भाषेने बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला गोंगाट अंगावर का घ्यावा? (याच चॅपेलनी एके काळी वेल्सची वीणा आणि सारंगी पापाची वाद्ये म्हणून बंद पाडली होती, हे मात्र लक्षात ठेवलेले बरे. आज जे पारंपरिक म्हणून पुढे केले जाते तेही कोणीतरी एकदा धर्मबाह्य ठरवलेले असते.) दुसरा आक्षेप अधिक भेदक आहे. हेवी मेटलमधले शब्द ऐकूच येत नाहीत. गायक ओरडतो, किंचाळतो, पुढील काळातल्या काही प्रकारांत तर घशातून गुरगुरतो. वेल्श जाणणाऱ्यालाही त्यातील वाक्य पकडता येईल याची खात्री नाही. ज्या गाण्यातली भाषा कळतच नाही त्या गाण्यात ती कोणती आहे याला महत्त्व ते काय? छातीवर लावलेल्या बिल्ल्याएवढेच?

योगायोग असा की ‘न कळणाऱ्या भाषेतले गाणे’ हाच वाद कावेरीकाठी विसाव्या शतकात अत्यंत तीव्रतेने लढला गेला. तिरुवैयारु येथे त्यागराज (१७६७–१८४७) राहिले आणि गायले. त्यांची कृती-रचना प्रामुख्याने तेलुगू आणि भोवतालचा समाज तमिळ. १९४० च्या दशकाच्या आरंभी राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ इसै म्हणजे तमिळ संगीताची चळवळ उभी राहिली. तमिळ श्रोत्यापुढे तमिळ गाणी गाइली जावीत, ही तिची मागणी. तिचा युक्तिवाद सरळ होता: ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. विरुद्ध बाजूचा युक्तिवादही तितकाच जुना होता: नादाला भाषा नसते, राग कळला म्हणजे पुरे. १९४६ मध्ये तिरुवैयारुच्या त्यागराज-आराधनेत दंडपाणि देसिकर या गायकाने तमिळ रचना गायली तेव्हा त्या स्थळाचे पावित्र्य बिघडले की काय असा गदारोळ उठला. ज्या तमिळ भूमीवर ती समाधी आहे तिथे तमिळ गाणे विटाळासारखे ठरावे, ही गोष्ट आज वाचतानाही मन अस्वस्थ करते. चळवळीचा रोष समजण्याजोगा होता.

असे असूनही या वादाच्या दोन्ही बाजू एका ठिकाणी सारख्याच आहेत. दोघीही प्रश्न श्रोत्याच्या बाजूने विचारतात. त्याला कळते की नाही. त्याला कळण्याची गरज आहे की नाही. गाणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारला की वादाचे स्वरूप पालटते. गाणे ऐकले जाण्यापूर्वी रचावे लागते. रिसॉल्वेनच्या मुलाला संताप, मस्ती, रात्रीची भीती, मोटारीचा वेग आणि प्रेमातली फसगत यांसाठी वेल्श शब्द शोधावे लागले. शाळेतल्या आणि चॅपेलमधल्या वेल्शमध्ये ते सगळे हाताशी असतीलच असे नाही. श्रोत्याच्या कानापर्यंत शब्द पोहोचोत वा न पोहोचोत, ते घडवण्याचे काम झालेले असते, आणि भाषेला मिळायचे ते तिथेच मिळून जाते. हेवी मेटलच्या आरोळीत वेल्श असणे म्हणूनच बिल्ल्याहून अधिक आहे.

हीच कसोटी घेऊन तंजावरकडे परतले तर चित्र बरेच वेगळे दिसू लागते. मराठी भाषेने परका साचा घेऊन हे काम तेथे केलेच नाही काय? केले, आणि मोठ्या धाडसाने केले. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. नायिका विरहात पडते. डोंगरावरची कुरव जमातीची कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, येते. आपण हिंडलेल्या देशांचे आणि डोंगरांचे वर्णन करते. हात पाहून मीलनाची ग्वाही देते. सरफोजी राजे यांनी (कारकीर्द १७९८–१८३२) हा साचा घेऊन ‘देवेंद्र कोरवंजी’ मराठीत लिहिली. त्यांतील कुरत्ती देश वर्णू लागते ते थेट साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगत सुटते. युरोपीय ज्ञानातून आलेली खंडे आणि देश तिच्या तोंडून मराठी पद्यात उतरतात. एका तमिळ भटक्या स्त्रीच्या तोंडी मराठी, आणि त्या मराठीत नवा भूगोल! श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजालाच हे सुचावे. मराठी गद्यात भूगोलाची शालेय पुस्तके अद्याप रुळायची होती, त्या काळात हे घडले. साच्याशी मोकळेपणाने खेळणे, त्यासाठी शब्द घडवणे, जुन्या चौकटीत अनपेक्षित मजकूर घालणे, हे सारे त्यात आहे. रिसॉल्वेनच्या मुलांनी जे केले त्याच जातीची ही करणी.

मग फरक कुठे पडला? सरफोजींच्याच स्तुतीसाठी शिवक्कोळुंदु देसिकर या तमिळ कवीने ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली. ती तमिळमध्ये आहे. बृहदीश्वर मंदिराच्या उत्सवात देवदासी ती विसाव्या शतकापर्यंत सादर करीत असत. राजाची मराठी कुरवंजी मात्र आपल्यापर्यंत आली ती सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पोथ्यांच्या वाटेने. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी तो पाहून भारावतो; त्याच प्रांगणात वर्षानुवर्षे नाचली गेलेली तमिळ कुरवंजी त्याला सहसा कोणी सांगत नाही. दगडावरची मराठी टिकली आणि पायांतली तमिळ चालत राहिली.

राजांची स्वतःची निवडही सूचक आहे. शहाजी राजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांची ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ सारखी मराठी नाटके मराठी रंगभूमीच्या इतिहासात आद्य म्हणून मानाने सांगितली जातात. पण त्यांचे सर्वांत खट्याळ, सर्वांत निर्भय प्रहसन ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगूत आहे. मन्नारगुडीच्या उत्सवात आलेला मोरोभट्ट नावाचा ब्राह्मण एका अंत्यज स्त्रीवर लुब्ध होतो, शिष्याच्या उपदेशाला धुडकावून लावतो, आणि तिचा नवरा चक्क तिला दान करायला निघतो, असा त्याचा विषय. मोरोभट्ट हे नाव मराठी. त्याची फटफजिती मात्र तेलुगूत. मराठी राजाने मराठी नावाच्या ब्राह्मणाची थट्टा मराठीत का केली नसावी, या प्रश्नाला एक सरळ उत्तर आहे: नायकांच्या काळापासून दरबारी यक्षगानाची भाषा तेलुगू होती आणि रसिकही तिचेच होते. ते उत्तर बरोबर आहे. तरीही परिणाम उरतोच. त्या दरबारात मराठीला देवाचे, वंशाचे आणि हिशेबाचे काम पुष्कळ मिळाले. उच्छृंखलपणाचे काम तिच्या वाट्याला कमी आले.

कीर्तनाची गोष्ट याच अंगाने पाहिली पाहिजे. तंजावर आणि मन्नारगुडी येथे समर्थ संप्रदायाचे मठ होते. मराठी कीर्तनकार त्या मुलुखात फिरत. त्यांच्या कीर्तनाने तमिळ श्रोते इतके भारले गेले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (मृत्यू १९०३) त्या धर्तीवर तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते आणि छंद तमिळ कथाकाराच्या तोंडी बसले. साकी हा शब्द उच्चारताना तमिळ भागवतराला मराठीची आठवण होत असेल वा नसेल. चाल त्याची झालेली असते. येथेही साचा गेला आणि शब्द बदलले. लावणीने खेड्याच्या चव्हाट्यावर जे केले तेच कीर्तनाने मंदिराच्या मंडपात केले.

आता आरंभीच्या अभिमानाच्या वाक्याकडे वळता येईल. वेल्समधील हेवी मेटलचे श्रेय बर्मिंगहॅमला द्यावे काय? साच्याचे अवश्य द्यावे. पण त्या साच्यात वेल्श ओतण्याचे धाडस रिसॉल्वेनच्या मुलांचे. ‘आमचे हेवी मेटल वेल्सला पोहोचले’ असे कोणी इंग्रज फुशारकीने म्हणाला तर वेल्श माणूस हसेल. तंजावरच्या लावणीत हाच न्याय लावायचा झाला तर आपण मराठी माणसे बर्मिंगहॅमच्या जागी आहोत आणि कामन पंडिगैच्या रात्री एकमेकांना टोमणे मारणारे तमिळ गावकरी रिसॉल्वेनच्या जागी. राज्यकर्त्यांबरोबर आलेला, परक्या भाषेतला, काहीसा बेमुर्वत असा गानप्रकार त्यांनी उचलला. पण भाषा आपलीच ठेवली. त्यांनी मराठीत लावणी म्हणण्याचा हट्ट धरला असता तर ती राजनिष्ठा झाली असती. लावणी परकी म्हणून नाकारली असती तर ते सोवळे झाले असते. त्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. अभिमान वाटायचाच असेल तर तो तमिळ भाषेबद्दल वाटावा, इतक्या सहजतेने तिने हे केले.

मात्र या तुलनेत एक विषमता आहे आणि ती झाकून चालणार नाही. वेल्श ही दबलेली भाषा, इंग्रजी दाबणारी. तंजावरात मराठी ही सत्तेची भाषा होती, निदान १८५५ पर्यंत. दबलेल्याने दाबणाऱ्याचा साचा घेणे आणि दाबणाऱ्याने दबलेल्याचा घेणे यांत फरक नाही काय? सरफोजींनी कुरव स्त्रीचा वेश मराठीला चढवला, त्याला ती स्त्री नकार देऊ शकत नव्हती. ‘साचा सर्वांचा, कोणीही उचलावा’ हे तत्त्व म्हणायला उदार आहे. पण जमिनीचा सारा गोळा करणाराही तेच तत्त्व सांगू लागला की ते संशयास्पद होते. त्या कोरवंजीचे मोल यामुळे शून्य होत नाही. पण तिचे मोजमाप करताना तिच्यामागे गावातल्या श्रोत्याची मागणी नव्हती, खजिना होता, हे धरावे लागते. राज्य गेल्यावर तसे पुढे काही घडण्याचे कारणही उरले नाही.

त्यानंतर तंजावरच्या मराठी कुटुंबांकडे काय मागावे? येथे समीक्षकाने जपून बोलावे. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या कित्येकांना त्यांच्या घरगुती बोलीत जुने शब्द सापडले की आनंद होतो आणि त्यांच्या मुलांनी तमिळ वा इंग्रजी धरली की हळहळ वाटते. ही हळहळ फुकटची आहे. कचेरी गेली, आश्रय गेला, बाजार तमिळ, शाळा तमिळ किंवा इंग्रजी. अशा स्थितीत देवघर आणि स्वयंपाकघर एवढ्या दोन खोल्यांत एखादी भाषा दीड शतकाहून अधिक काळ तगून राहते, हेच पुष्कळ. कोणत्याही कुटुंबाने पाहुण्याच्या समाधानासाठी वस्तुसंग्रहालय होऊन राहावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला नाही. फार तर एवढे म्हणता येईल की देवघर आणि स्वयंपाकघर यांपलीकडची तिसरी जागा, जिथे पोरे वडीलधाऱ्यांच्या कानाआड भांडतात, शिव्या घालतात, गाणी रचतात, ती या भाषेला तिथे फारशी लाभली नाही. तंजावरपासून जवळच असलेल्या मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास व्यंकटराम शास्त्री यांची तेलुगू भागवतमेळा नाटके आजही श्रद्धेने सादर होतात आणि त्यांचे प्रेक्षक बहुतांशी तमिळ असतात. श्रद्धा भाषेला केवढे दीर्घायुष्य देऊ शकते, याचे ते उदाहरण. पण ती तेलुगू नव्याने भांडत नाही.

हेवी मेटलने वेल्श वाचली, असा निष्कर्ष यातून काढू नये. २००१ च्या जनगणनेत वेल्समधील २०.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येते असे नोंदवले होते; २०११ मध्ये १९ टक्के आणि २०२१ मध्ये १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. आकडा उतरतो आहे. गाण्याला औषध मानले तर हे औषध लागू पडलेले नाही. पण गाण्याला औषध मानणे हीच मुळात चूक. कर्तव्य म्हणून वेल्शमध्ये किंचाळणाऱ्या मुलाचे गाणे कोण ऐकणार? तो किंचाळतो कारण त्याला किंचाळावेसे वाटते. आणि ते वेल्शमध्ये किंचाळतो कारण स्वप्नात, भांडणात आणि मैत्रीत त्याची भाषा तीच आहे. सॉन्डर्स लुइसच्या इशाऱ्याला त्या मुलांनी दिलेले उत्तर कदाचित त्याला रुचले नसते. तो कॅथलिक, अभिजाततावादी, सूक्ष्म अभिरुचीचा माणूस. तरीही भाषेचे भवितव्य ज्यांच्या हाती होते ते तेच होते, आणि त्यांच्याकडे भाषणे ऐकण्याइतका धीर नव्हता.

कामन पंडिगैतील न जळालेल्या पक्षाचा युक्तिवाद असा असतो की मदनाचा देह गेला, तरी तो रतीला दिसतोच. म्हणून तो अनंग, पण आहे. लावणीच्या बाबतीत मराठीचे असेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो: शब्दांचा देह गेला, चाल राहिली. जळालेल्या पक्षाचे प्रत्युत्तरही तयार असते. जो रतीखेरीज कोणालाच दिसत नाही त्याला जगाने जिवंत का म्हणावे? तंजावरच्या लावणीत मराठी ऐकू येते ती महाराष्ट्रातून गेलेल्या अभ्यासकाला. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला ती आपल्या आजोबांची तमिळ लावणी वाटते, आणि ती तशीच आहे. पहाटेपूर्वी प्रतीक पेटवले जाते. पुढील माशीत तेच दोन पक्ष पुन्हा समोरासमोर बसतात, आणि गेल्या वर्षीचा कोणता सवाल अनुत्तरित राहिला होता ते आधी विचारले जाते.